बदकांचा दाखला

नाही हो, बदकांचं नको. दुसरं काहीही सांगा उद्या — छत्रीचं सांगा, चादरीच्या घडीचं सांगा, उतू गेलेल्या दुधाचं तर सगळ्या मंडळीला पाठ आहे, ते सांगा — पण बदकांचं नको. उभे का? बसा ना. हो, त्याच खुर्चीत बसा, त्यांची असली म्हणून काय झालं, आता ती कोण अडवून बसणार आहे. ती उशी तेवढी काढून खाली ठेवा, त्यांच्या पाठीला लागायची. नणंदबाई आत चहा टाकतायत. काल दुपारी भाऊ गेला आणि कालपासून त्या नुसता चहा टाकतायत, येईल त्याला — रडायचं सोडून चहा टाकतायत. टाकू दे, ज्याचं त्याचं असतं. आणि हे बघा, मला पाळकीणबाई म्हणू नका. आता पाळक तुम्ही, म्हणजे पाळकीणबाई तुमची बायको. संडे स्कूलला यायचात तेव्हा काकू म्हणायचात, तेच बरं होतं. मला मात्र तुम्हाला अहोजाहो करायचं अजून जमत नाही, जीभ अडखळते — पण करते, त्या झग्याचा मान आहे.

कळते मला तुमची अडचण. उद्या दफन, चर्च गच्च भरणार, आणि ह्यांच्या जागी उभं राहून ह्यांच्याबद्दलच बोलायचं — तेही ह्यांच्यासारख्या बोलणाऱ्या माणसाबद्दल. लोक म्हणणार, साहेबांची सर नाही. म्हणणारच, त्यांची तोंडं कोण धरणार. म्हणून तुम्हाला वाटलं, साहेबांचाच उपदेशातला सगळ्यांत लाडका दाखला घ्यावा, म्हणजे वेळ निभावून जाईल. आणि म्हणून विचारायला आलात, तेवढी रीत पाळलीत. हे कधी विचारायचे नाहीत. छे — विचारतात कसले.

मला लग्नाआधी कोणी सांगितलंच नव्हतं. पाळकाशी लग्न म्हणजे साधं राहायचं, लोकांच्या घरी जायचं, आजाऱ्यापाशी बसायचं, एवढं ठाऊक होतं. पण घरात सोमवार ते शनिवार जे घडेल ते रविवारी चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर मांडलं जाईल, हे कोण सांगणार? पहिल्याच आठवड्यात मी ह्यांचा सदरा इस्त्री करताना जाळला. पाठीवर, हा एवढा. रविवारी हे तोच सदरा घालून उभे, वरून झगा, आणि सांगतायत — आपल्या प्रत्येकाच्या पाठीवर एक जळका डाग असतो, कृपा म्हणजे झगा — आणि सगळ्यांच्या माना वळल्या माझ्याकडे. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. मग छत्री झाली. दोघांत एक छत्री, तर दोघांचाही एकेक खांदा भिजणार, ज्याचा एकही भिजत नाही त्यानं समजावं की दुसऱ्याचे दोन्ही भिजतायत. मग चादर. मोठ्या चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही, दोघांनी टोकं धरायची आणि एकमेकांकडे चालत यायचं — तसं क्षमेचं असतं म्हणे. आता त्या दिवशी आमचं काय झालं होतं ते मला माहीत. चालत बिलत कोणी आलं नव्हतं, मी माझी टोकं सोडून दिली होती आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली होती. पण रविवारपर्यंत ती घडी अगदी छान पडली.

बायका दाराशी थांबवायच्या मला. काय हो, दूध उतू गेलं म्हणे? त्यात कृपा होती म्हणे? मी म्हणायची, कृपा होती की नाही ठाऊक नाही, शेगडी घासायला अर्धा तास गेला. ह्यांना मी एकदा फैलावर घेतलं — मी तुमची बायको आहे की उपदेशाचं सामान? तर हसले. म्हणाले, अगं, प्रभूंनी तरी काय केलं, पीठ, दिवा, केरसुणी, लोकांच्या घरातल्याच वस्तू घेऊन सांगायचे, आणि त्यांना तर स्वतःचं घरही नव्हतं. मला घर आहे, घरात तू आहेस, मी बाहेर कशाला शोधू? राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही. असा माणूस होता.

घ्या, चहा घ्या. साखर जास्त असेल, नणंदबाईंचं लक्ष नाही.

फक्त सोमवार मी मागून घेतला होता. पाळकाचा रविवार म्हणजे कामाचा दिवस, म्हणून आमची सुट्टी सोमवारी. सोमवारी दाखले बंद, असा माझा कायदा. आम्ही अंगणात कपड्यांच्या दोरीवरून बॅडमिंटन खेळायचो, जाळी कुठली, दोरीवर टॉवेल टाकला की झाली जाळी. पत्ते खेळायचो, हे हरले की पत्ते चांगले पिसले नाहीत म्हणायचे. आणि उन्हं उतरली की तळ्यावर. तिथे भाड्यानं नावा मिळायच्या, छोट्या, दोघं जेमतेम बसतील अशा, आणि नाववाला काठावर शिट्टी घेऊन उभा. हे कायदा पाळायचे हो, तोंडानं एक शब्द काढायचे नाहीत, पण मला दिसायचं — काहीतरी सापडलंय, गालात गोळी लपवलेल्या पोरासारखं तोंड करून बसायचे. मी म्हणायची, गिळून टाका. हसायचे. आमचं सगळ्यांत चांगलं जे काही होतं ना, ते सोमवारी होतं. ते मंडळीतल्या कोणी पाहिलेलं नाही.

तर तो सोमवार. आता निघालाच आहे विषय तर सांगते, पण हे उद्यासाठी नाही, हे तुमच्यासाठी, बदकांचं का नको ते कळावं म्हणून. सकाळी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. लग्नाला बरीच वर्षं झालेली, सगळ्या तपासण्या झालेल्या, ह्यांच्या, माझ्या. बाई चांगल्या होत्या, कडक बोलल्या नाहीत. म्हणाल्या, आता वाट बघू नका. एवढंच. दोष माझ्यात होता — म्हणजे दोष म्हणू नये असं बाई म्हणाल्या, पण मग काय म्हणायचं त्यांनीही सांगितलं नाही. बाहेर आलो, रस्त्यावर कोणी तरी शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होतं, ते बघत उभे राहिलो. मग हे म्हणाले, तळ्यावर जायचं? सोमवार होता ना. दुसरं काय करायचं सुचलं नसेल.

नावेत बसलो. दोन वल्ही, एक ह्यांच्या हातात, एक माझ्या. नेहमी तसंच असायचं. हे वल्हवायला लागले आणि मी — मी वल्हं मांडीवर आडवं घेऊन बसले. हात उचलेना. रडू नाही आलं, काहीच नाही, नुसती पाण्याकडे बघत बसले. आणि एकाच बाजूनं वल्हवलं की नाव काय करते? फिरते. जागच्या जागी गोल गोल. काठावरून नाववाला शिट्टी मारतोय, ओरडतोय, ताई, तुम्हीपण मारा, ताई. थोड्या वेळानं ह्यांनीही वल्हं थांबवलं. मग नाव आपोआप थांबली. कितीतरी वेळ तशीच. ह्यांनी काही विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, ह्यांना समजलंच नाही.

आणि रविवारी काय? बदकं. माझी बायको नावेत बदकं बघण्यात इतकी रंगली की वल्हवायलाच विसरली — अशी सुरुवात. चर्च खो खो हसतंय. नाव गोल फिरते, नाववाला शिट्टी मारतो, ती नक्कल तर अशी करायचे की म्हाताऱ्या बायका डोळे पुसायच्या हसून हसून. आणि मग आवाज खाली आणायचे. मी जोरात वल्हवलं असतं तर आम्ही आणखी जोरात गोल फिरलो असतो. म्हणून मी वल्हं थांबवलं. देव आपल्याशी तसाच वागतो, आपण भान हरपून बसलो की तो आपल्याला ओढत नाही, शेजारी थांबतो, आपली बदकं बघून होईपर्यंत. — सुंदर आहे, नाही? मीसुद्धा हसले. पाळकीणबाईला हसावं लागतं.

तो दाखला पसरला. दुसऱ्या मंडळ्यांतून बोलावणी यायला लागली, साहेब, बदकांचं सांगा. लग्नांत सांगायचे. तुमच्या लग्नात सांगितला, आठवतं? तुमची बायको हसता हसता तुमच्या खांद्यावर टेकली होती, फार गोड दिसत होती. आणि लोक भेटी द्यायला लागले. ते बघा कपाटावर. लाकडाची बदकं, काचेची बदकं, अभ्र्यावर भरलेली बदकं, ते पितळेचं जोडपं, एक तर दाबलं की आवाज करणारं आहे. निवृत्त झालो तेव्हा मंडळीनं वर्गणी काढून काय दिलं? भिंतीवरचं घड्याळ, त्यात दोन बदकं. घरात पाळणा हलला नाही, बदकं मात्र पाळली मी भरपूर. दर शनिवारी फडक्यानं पुसते एकेक. लोकांनी प्रेमानं दिलेली, टाकणार कशी.

राग? होता ना. म्हणजे राग म्हणू की काय म्हणू. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट दिवस, आणि त्यावर लोक हसतायत, आणि हसवतंय कोण, तर माझा नवरा. पण मी कधी बोलले नाही. तेही बोलले नाहीत. त्या डॉक्टरीणबाईंचं नाव त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी घेतलं नाही. बाकी सगळं बोलायचो आम्ही, तासन्‌तास बोलायचो. चांगला संसार झाला हो आमचा, खोटं कशाला सांगू, दृष्ट लागेल असा झाला. त्यात ही एवढीशी एक जागा होती, तिथे दोघंही पाय ठेवत नव्हतो.

मग हे दुखणं आलं, ऑपरेशन झालं. तुम्ही येत होतात, बघत होतात, पण तुम्ही आलात की हे सावरून बसायचे, चार गोड शब्द बोलायचे. तुम्ही गेलात की भिंतीकडे तोंड. आणि दाखले बंद झाले. आधी मला बरंच वाटलं, म्हटलं, चला, सुटले. आठवडा गेला, महिना गेला — खिडकीत काही दिसो, पाऊस पडो, मी काहीतरी सांडो, काही नाही. गालात गोळी नाही. मला भीतीच बसली. ताप उतरला का बघतात ना, तसं मी ह्यांच्या तोंडाकडे बघायची, आज काही सापडलं का. एक दिवस मी काय केलं सांगू? हसाल. मी मुद्दाम दूध उतू घालवलं. ह्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी आणली, दूध ठेवलं, गॅस मोठा केला आणि पाठ फिरवून उभी राहिले. फसफसून गेलं सगळं, खाली ओघळ. मी वळून म्हटलं, अहो, बघा ना काय झालं. हे बघत होते. नुसते बघत होते. म्हणाले, गॅस बंद कर.

त्या दिवशी मी शेगडी घासताना रडले. त्या दिवशी खरी रडले, काल नाही.

मग मीच सुरू केलं. मला कुठे येतंय ते, मी आयुष्यभर तिसऱ्या बाकावर बसून ऐकलेली बाई. पण आपलं काहीतरी. अहो, हा पडदा बघा, वारा दिसत नाही, पण पडदा हलतो की नाही? अहो, ही गोळी बघा, कडू आहे, पण — असलं. पोरकट. हे ऐकायचे, छान म्हणायचे, शिकाऊ पाळकांना म्हणायचे तसं. एक दिवस माझा हात धरला आणि म्हणाले, आता थांब तू. दमशील. मला नाही दिसत गं त्यात काही. पडदा पडदाच दिसतो. मी म्हटलं, दुखण्यानं होतं असं, जाईल. तर म्हणाले, दुखण्यानं नाही. प्रार्थनेला बसतो तेव्हा पलीकडे कोणी आहे असं मला वाटतच नाही. रिकाम्या खोलीत बोलल्यासारखं वाटतं.

— हे तुम्ही ऐकलं नाहीत. ऐकलं नाहीत, कळलं? हळू बोलते, आत नणंदबाई आहेत. मी हे कोणालाच सांगणार नव्हते. त्यांनी सांगितलं होतं, मंडळीला कळू देऊ नकोस, त्यांचं नुकसान व्हायला नको. बघा, स्वतःचा विश्वास गेला आणि काळजी कोणाची, तर तुमची सगळ्यांची.

मी विचारलं, कधीपासून? मला वाटलं, म्हणतील, ऑपरेशन झाल्यापासून. तर म्हणाले, त्या दिवशी तळ्यावर बदकं नव्हती. म्हणाले, मला माहीत होतं तू का बसलीस तशी. मला सगळं माहीत होतं. मी वल्हं थांबवलं ते काही मोठ्या शहाणपणानं नाही, माझाही हात उचलेना म्हणून थांबवलं. तुझ्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर त्या नाववाल्यासमोर हंबरडा फोडला असता मी. आठवडाभर शोधलं, म्हणाले, त्यात देव कुठे आहे ते. नाही सापडला. रविवार आला. उभं तर राहायचं होतं. आणि लोक मला विचारत होते, पाळकीणबाई का उतरल्यासारख्या दिसतात, काही झालंय का? मग मी बदकं आणली. म्हटलं, लोक हिला हसतील, चालेल, पण कोणी हिची कीव करणार नाही. तेव्हापासून थोडं थोडं रिकामं होत गेलं, म्हणाले, आणि मी त्यात रोज काहीतरी आणून ठेवत गेलो, छत्री ठेव, चादर ठेव.

कळतंय का तुम्हाला? इतकी वर्षं मी समजत होते, त्या नावेत मी एकटी होते. हे होते. हे माझ्याच शेजारी, माझ्यासारखेच हात टाकून बसलेले होते, आणि मला ते कळायला हे दुखणं यावं लागलं. मी त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि आम्ही रडलो. दोघं. त्या पोरासाठी, जे कधी आलंच नाही. म्हातारी माणसं, नाक पुसतोय, परत रडतोय. त्या दिवशी आमचं लग्न पुरं झालं असं मला वाटतं. हे मात्र उद्या सांगायचं नाही.

आणि बदकांचं — आता बोलता बोलता माझंच मला वाटायला लागलंय — सांगा. सांगा बदकांचंच. लोकांना आवडतं, ते हसतील, हसू दे. माझी लाज झाकायला त्यांनी ती बदकं आणली, मी ती हाकलणारी कोण. नक्कल मात्र करू नका, तुम्हाला नाही जमायची. आणि एक म्हणू नका. पाळक गेला की म्हणतात ना, शेवटच्या श्वासापर्यंत विश्वासात अढळ राहिले — ते म्हणू नका. दुसरं काहीही म्हणा. प्रेमळ म्हणा, कष्टाळू म्हणा. ते तेवढं मला तिथे बसून ऐकवणार नाही.

एक विचारू? पाळक म्हणून नको सांगूस. काकूला सांग. माझा विश्वास मी ह्यांच्या जिवावर धरलेला नाही, माझा मी धरलाय, आजही आहे. पण तो धरताना मी एक धरूनच चालले होते, की पलीकडे गेले की तिथे हे असतील. आणि ज्याला शेवटी पलीकडे कोणी दिसलंच नाही, त्याला तिकडे घेतात का रे? इतक्या लोकांना ह्यांनी हात धरून दारापर्यंत नेलं. मग हे स्वतः बाहेर का? मला नुसतं एवढं सांग, मी गेले की हे भेटतील ना मला? तू शिकलायस ना हे सगळं. सांग ना.

बरं. नको सांगूस. गप्प बसलास ते चांगलं केलंस. हे असते तर त्यांनी लगेच काहीतरी शोधून दिलं असतं, आणि मी ते घेतलं असतं.

ते प्रार्थना करत नव्हते शेवटी, मी करायची. मोठ्यानं. त्यांनीच सांगितलं होतं, तू म्हणत राहा, मला तिकडचं काही ऐकू येत नाही, पण तुझा आवाज येतो. आणि माझं संपलं की आमेन म्हणायचे. मी म्हटलं, अहो, मानत नाही तर म्हणता कशाला? तर म्हणाले, तुझ्यासाठी म्हणतो, एकटीनं म्हटलेलं बरं नाही दिसत. काल दुपारीही मी म्हणत होते, ह्यांचा हात माझ्या हातात, रोजचंच, नवं काही नाही. संपलं माझं. मी थांबले. कधी कधी उशीर व्हायचा त्यांना, दम लागायचा, म्हणून थांबून राहिले. बरीच थांबले मी.

हे काय, हात का जोडताय? प्रार्थना? नको. नाही, तुमचं काही चुकलं नाही, जाताना करायचीच असते, मला ठाऊक आहे. पण आज नको. तुम्ही म्हणाल, छान म्हणाल, आणि संपवून डोळे मिटून थांबाल, मी आमेन म्हणायची वाट बघत. ते आमच्याकडे हे म्हणायचे. या तुम्ही आता. कप राहू दे तिथेच. दार नुसतं लोटून घ्या.